पोटखराबा, बरड आणि लवण : शेळ्यांसाठी कुरण ठरवताना आलेला अनुभव

बालाघाटाच्या पायथ्याला ज्याची जमीन आहे, त्याला एकाच गटात तीन जमिनी सांभाळाव्या लागतात. आमचा गट बार्शी तालुक्यात, पांगरीच्या पुढे. वरच्या अंगाला उघडा कातळ आणि मुरूम, मधे बरड, म्हणजे हलक्या मातीचा उतार, खाली ओढ्यालगत काळ्या मातीचं लवण, म्हणजे सखल रान. वरचा तुकडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा, म्हणून पडलेला. लवणात सोयाबीन, तूर आणि रब्बीला ज्वारी. घरच्या उस्मानाबादी शेळ्या वाढत गेल्या तसा प्रश्न आला, की यांच्यासाठी कायमचं कुरण राखायचं तर कुठं? सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, उत्तर तयार होतं. "खाली काळ्यात दोन एकर सोड. वर काय हाय? दगडं." मला ते पटेना. शेळ्या मोकळ्या सोडल्या की खालच्या हिरव्याला दोन तोंडं लावून वरच पळायच्या, हे मी रोज बघत होते.

म्हणून आधी जमीन पारखायची ठरवली. भू-सर्वेक्षणवाले जमिनीचे क्षमतेनुसार आठ वर्ग पाडतात. पहिले चार नांगराखाली आणण्याजोगे, पाचपासून पुढचे कुरणाला, झाडांना नाहीतर वन्यजीवांना सोडायचे. वर्ग पाडताना ते खोली, उतार, धूप, दगडगोटे आणि निचरा बघतात. यातलं बहुतेक सगळं कुदळ आणि फावड्याने कळतं, त्याला कुणा साहेबाची वाट बघावी लागत नाही.

उन्हाळ्यात तिन्ही ठिकाणी खड्डे घेतले. वर वीतभरसुद्धा माती नाही. त्याखाली तांबूस करडा मुरूम. कुदळ आपटली की कुजका खडक पापुद्र्याने सुटतो. पण त्या फटींमधून गवताची मुळं आत आत गेलेली होती, ती बघून आबाही खाली बसले. मधल्या उतारावर माती कोपरापर्यंत, बुडाला चुनखडीचे पांढरे खडे. खड्ड्याच्या भिंतीवर लिंबू पिळलं तर फसफसून आलं. उतारावर जुन्या ताली, म्हणजे उताराला आडवे बांध आहेत, बहात्तरच्या दुष्काळी कामातल्या. तालीच्या वरच्या अंगाला गाळ धरून माती दुप्पट खोल झालेली आणि खालच्या अंगाला लगेच मुरूम लागतो. म्हणजे बरडातही पुन्हा दोन जाती. लवणात खड्डा कमरेएवढा झाला तरी काळीच. भेगा अशा, की आबांची काठी हातभर आत गेली. खालच्या ढेकळांच्या अंगावर मेण चोळल्यासारखी चकाकी होती. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि त्यात मातीचे थर एकमेकांवर घासतात, त्याची ती खूण.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पत्र्याच्या डब्याने. दोन्ही तोंडं कापलेला डबा तीन बोटं जमिनीत ठोकायचा आणि त्यात लिटरभर पाणी ओतायचं, एवढंच. मुरमात पाणी बघता बघता गायब. बरडात जरा रेंगाळलं. लवणात पहिलं पाणी भेगेतून गटागटा गेलं, मग भेगेची तोंडं मिटली आणि दुसऱ्यांदा ओतलेलं उभंच राहिलं. घरी जाऊन चहा टाकला, भांडी घासली, परत आले, तरी डब्याच्या तळाला पाणी होतं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. हलकी सर आली तर मुरमात ती थेट मुळांपर्यंत उतरते. काळ्या मातीत तीच सर वरच्या दोन बोटांत अडकते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जाते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर डोंगर आधी हिरवा होतो आणि लवण काळंच राहतं, ते यामुळे. उलट भरपूर पाऊस झाला तर लवण महिनोन् महिने ओल धरतं आणि मुरूम आठवड्यात कोरडा पडतो.

माती परीक्षणाचं थोडक्यात सांगते. इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे, माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. शेळ्या जिथं बसतात, झाडाखाली किंवा बांधाला, तिथली माती घ्यायची नाही. अहवाल यायला इतका उशीर झाला, की तोवर गवत गुडघ्याला आलं होतं. सामू (पीएच) आठच्या वर, सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी. चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह पिकाला नीट मिळत नाही, मग चाऱ्यातही ते कमीच उतरतं. त्यामुळे खनिज मिश्रण आणि चाटणविटा कायम चालू ठेवल्या. चराईच्या निर्णयात त्या कागदाचा उपयोग एवढाच झाला.

श्रावण सरता सरता तारेची मीटरभर चौकट करून तिन्ही ठिकाणचं गवत कापून तोललं. वर कुसळी जास्त, अधूनमधून पवन्या. मधे डोंगरी आणि पवन्या, तालीच्या कडेने मारवेल. लवणाच्या कडेला मारवेल, हरळी, लव्हाळा आणि अर्थातच गाजर गवत. ओलं वजन लवणाचं सगळ्यात जास्त भरलं, तेव्हा आबा माझ्याकडे बघून हसले. मी तेच गवत वाळवून परत तोललं. अंतर बरंच कमी झालं, कारण खालच्या गवतात नुसतं पाणी होतं. आणि गाजर गवत बाजूला काढल्यावर तालीच्या कडेचा मारवेलच सरस निघाला.

दिवाळीनंतर मेंढरं बसवायला एक धनगर मामा येतात. त्यांना खड्डे दाखवले तर म्हणाले, "एवढं खणलंस कशाला, ताई? पावसात मेंढरू काळ्यात घालायचं नसतं, हे कुणी बी सांगंल. आधी पाय जातो, मग जित्राब जातं." चिखलात खुरांच्या बेचक्यात माती घट्ट बसते, कातडी भिजून फुगते आणि खूर सडायला लागतं. साचलेल्या पाण्यात गोगलगायी होतात आणि त्यांच्यातून लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत येतो. वर ओल्या काळ्या मातीत खुरांचा दाब बसला की जमीन दडपते, मग रब्बीला नांगर लागत नाही. जनावराचं नुकसान आणि जमिनीचंही. मुरमावर यातलं काहीच होत नाही, पाणी थांबतच नाही. उलट खडीवर चालून खुरं घासली जातात, वेगळी कापावी लागत नाहीत.

तेव्हा कुठल्या तुकड्यात चारा जास्त, हा हिशेब मी सोडला आणि कुठला तुकडा कधी उघडायचा ते ठरवलं. पाऊस पडल्या पडल्या कुठंच सोडायचं नाही. कोवळं गवत ओढलं की मुळासकट हातात येतं, मग पुढच्या वर्षी तिथं काहीच नाही. वीतभर होईपर्यंत कडबा, सुबाभूळ, शेवरी. आंत्रविषाराची लस पाऊस लागायच्या आधी, कारण कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडलेल्या शेळ्याच त्यात आधी जातात. मग ऐन पावसाळ्यात वरचा मुरूम आणि मधला उतार आलटून पालटून. कुसळी फुलावर यायच्या आत चारून घ्यायची. एकदा कुसळं पक्की झाली की ती तोंडात, कातडीत घुसतात, करडांच्या ओठांना जखमा होतात. लवण पावसाळाभर बंद. तिथली पिकं निघाली आणि वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, सरून जमीन टणक झाली की धसकटं, तुरीचा पाला, बांधावरचा मारवेल. ज्वारी काढल्यावर खोडव्याला कोवळे फुटवे आले असतील तर मात्र तिकडं फिरकायचंसुद्धा नाही, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून तासाभरात जनावर आडवं होतं. माघ-फाल्गुनात भेगा रुंदावल्या की करडांना लवणात नेत नाही, पाय अडकून मोडतो. उन्हाळ्यात मधल्या उतारावरचं वाळलेलं उभं गवत, बोरी-हिवराचा पाला आणि बाभळीच्या शेंगा. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. गाई किंवा मेंढ्या असत्या तर वरच्या तुकड्याला मी एवढा भाव दिला नसता.

किती शेळ्या, हा हिशेब शेवटी आला आणि तोच बोचला. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा लागतो. शिवाय जेवढं गवत उगवेल त्यातलं निम्मंच चारायचं, निम्मं जमिनीवर ठेवायचं, नाहीतर उतारावरची वीतभर मातीही ओढ्यात जाईल. गुणाकार केला तर होत्या तेवढ्या शेळ्या आमच्या उताराला पेलणाऱ्या नव्हत्या. बोकड बकरी ईदच्या आधी विकले, दोन भाकड शेळ्या काढल्या. आबांना ते आवडलं नाही. आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

लवणात कुरण करायचा विषय आता निघत नाही, तिथं पिकंच राहतील. मधल्या पट्ट्यात तालीच्या वरच्या अंगाला मारवेलची ठोंबं लावली. वरच्या हलक्या भागात स्टायलो या चारा-वनस्पतीचं बी फेकलं आहे. त्याचं टरफल कठीण असतं, म्हणून ते आधी काही मिनिटं गरम पाण्यात ठेवलं होतं. ही शेंगवर्गातली, म्हणजे नत्रही धरेल आणि चाराही सकस होईल. उगवण तुरळक दिसते आहे. दोन पावसाळे तरी ते राखावं लागणार. आणि राखायचं तर कुंपण हवं. मी तारेचा भाव काढून ठेवला आहे, आबा म्हणतात बोरीच्या काट्या लावू. त्यावर घरात अजून एकमत नाही.