तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार पगार देते, मग शाळा कोणाची?

मी अनेक वर्षे फक्त मुलग्यांच्या एका कॅथलिक माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातील काही काळ शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणूनही काम पाहिले. मी स्वतः कॅथलिक नाही. कदाचित त्यामुळेच एक प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. शाळेबाहेरचे लोक म्हणतात, ‘शिक्षकांचे पगार सरकार देते, तर ही शाळा चर्चची कशी? आमच्या करातून प्रार्थना का चालावी?’ शाळेच्या आतले लोक, विशेषतः जुने माजी विद्यार्थी, म्हणतात, ‘सरकारचा पैसा आला आणि शाळेतले घरपण गेले, असे तुम्हाला वाटत नाही का?’ पैसा ज्याचा त्याची शाळा, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. मला ते मान्य नाही. शाळेतले सामुदायिक जीवन पैशाने निर्माण होत नाही आणि पैशाने नष्टही होत नाही. परंतु ते जीवन कोणत्या मुलांच्या वाट्याला येणार, हे मात्र पुष्कळ अंशी पैशावरच ठरते.

सरकारी मदत येण्यापूर्वी या शाळा कशा चालत, हे आधी पाहायला हवे. जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी 17व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील रँस शहरात, एडमंड राइस या व्यापाऱ्याने 1802 साली आयर्लंडमधील वॉटरफर्ड येथे आणि मार्सेलँ शांपान्या यांनी 1817 साली पुन्हा फ्रान्समध्ये जे शिक्षक-संघ उभे केले, त्यांचा मूळ हेतू गरीब मुलांना शिकवण्याचा होता. या संघांतील ब्रदर हे धर्मगुरू नसत. ते व्रत घेऊन अविवाहित राहणारे शिक्षक असत, एकाच निवासात राहत, एकत्र जेवत आणि स्वतःसाठी पगार घेत नसत. मुलांच्या कितीतरी कॅथलिक शाळा दीडशे वर्षे याच बळावर चालल्या. त्या काळात फी कमी होती, कारण शिक्षकाला घरभाडे भरायचे नव्हते आणि स्वतःची मुले वाढवायची नव्हती. ब्रदरांनी न घेतलेला पगार हेच या शाळांचे सर्वांत मोठे अनुदान होते. फक्त ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी आवश्यक मानले जाऊ लागले. प्रयोगशाळा हव्या झाल्या, वर्ग लहान करावे लागले, प्रशिक्षित शिक्षक नेमावे लागले. त्याच सुमारास, म्हणजे 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेनंतरच्या) वर्षांत, व्रत घेणाऱ्या तरुणांची संख्या घटत गेली आणि पुष्कळ जण संघ सोडून बाहेर पडले. त्यांच्या जागी संसारी शिक्षक आले आणि त्यांना पूर्ण पगार देणे भाग पडले. आता शाळेपुढे दोनच मार्ग उरले: फी इतकी वाढवायची की गरीब मुलगा दारातूनच परत जाईल, किंवा सरकारकडे जायचे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना मी सांगतो की तुम्ही घटनांचा क्रम उलटा लावत आहात. अनुदान आले म्हणून ब्रदर गेले नाहीत. ब्रदर गेले म्हणून अनुदानाची गरज पडली. रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसणारा, सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा संघ घेऊन जाणारा आणि प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती ठाऊक असणारा माणूस शाळेच्या आवारातच राहत होता. तो गेल्यावर पोकळी निर्माण होणारच होती, आणि ती कोणत्याही सरकारी आदेशामुळे झालेली नाही.

या गरजेला सर्वांत ठळक वाचा फुटली ती ऑस्ट्रेलियातील गोलबर्न या गावी. तेथील एका कॅथलिक प्राथमिक शाळेला आरोग्य खात्याने जादा स्वच्छतागृहे बांधण्यास सांगितले आणि शाळेकडे त्यासाठी पैसे नव्हते. जुलै 1962 मध्ये गावातील कॅथलिक शाळा निषेध म्हणून बंद ठेवण्यात आल्या आणि सुमारे 2000 मुले सरकारी शाळांत प्रवेश मागायला गेली. एवढ्या मुलांना सामावून घेणे सरकारी शाळांना शक्यच नव्हते. कॅथलिक पालकही कर भरतात आणि त्यांच्या शाळा सरकारचा मोठा खर्च वाचवतात, ही गोष्ट त्या एका आठवड्यात सगळ्या देशाला कळली. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पंतप्रधान रॉबर्ट मेंझीज यांनी सरकारी आणि खासगी अशा दोन्ही शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांसाठी मदत देण्याचे आश्वासन दिले. एका साध्या सांडपाण्याच्या सोयीवरून हा प्रश्न राष्ट्रीय झाला, हे मला फार बोलके वाटते. कारण व्यवस्थापन समितीच्या बैठकांतही आमचा बहुतेक वेळ धर्मतत्त्वांवर जात नसे, तो छपरांवर आणि नळांवर जात असे.

‘शाळा कोणाची’ या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. इंग्लंडमध्ये 1944 च्या शिक्षण कायद्याने पगार आणि दैनंदिन खर्च सरकारने उचलला व बांधकामाचा निम्मा भार चर्चवर ठेवला. तो भार कमी होत होत आज साधारण 10 टक्क्यांवर आला आहे आणि अशा शाळा शिक्षणाची फी घेऊ शकत नाहीत. फ्रान्समध्ये 1959 पासून करार केलेल्या शाळांतील शिक्षकांचे पगार सरकार देते, शाळेचे वेगळेपण मान्य करते आणि त्या बदल्यात कोणत्याही श्रद्धेच्या मुलाला प्रवेश खुला असला पाहिजे, अशी अट घालते. अमेरिकेत याउलट घडले: 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या पगाराला सरकारी पैशाची जोड देणारे कायदे घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे तेथे मुलांच्या कित्येक कॅथलिक शाळा प्रामुख्याने फी, देणग्या आणि माजी विद्यार्थ्यांचे औदार्य यांवर उभ्या राहिल्या.

माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक केलेली मांडणी न्यूझीलंडची आहे. तेथील कॅथलिक शाळा 1970 च्या दशकात बंद पडण्याच्या बेतात असताना, 1975 च्या कायद्याने त्यांना सरकारी शिक्षणव्यवस्थेत सामील होण्याचा मार्ग खुला करून दिला. जमीन आणि इमारती संस्थेच्या मालकीच्या राहिल्या, पगार व चालू खर्च सरकारचा झाला आणि शाळेचे ‘विशेष स्वरूप’, म्हणजे तिची धार्मिक ओळख, कायद्यानेच सुरक्षित केली. संस्था पालकांकडून इमारतींसाठी ठरावीक रक्कम घेऊ शकते. शिक्षणाची फी घेऊ शकत नाही. कोणाचे काय, हे लेखी आणि स्पष्ट आहे. ज्या शाळांत हे स्पष्ट नसते तेथे पालकांच्या मनात संशय साठत जातो, आणि संशय साठलेल्या शाळेत कोणी श्रमदानालाही येत नाही.

आता बाहेरच्या लोकांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्यात तथ्य आहे. आमच्या शाळेत चॅपलचा, म्हणजे आवारातील प्रार्थनामंदिराचा, खर्च, रिट्रीटचा (प्रार्थना आणि चिंतनाच्या शिबिराचा) खर्च आणि धर्मगुरूंचे मानधन सरकारी पैशातून होत नसे. त्याचे हिशेब वेगळे ठेवले जात. पण दिवसाच्या पहिल्या तासाला वर्गात उभे राहून म्हटली जाणारी प्रार्थना ज्या शिक्षकाच्या देखरेखीखाली होई, त्याचा पगार सरकारचाच होता. त्या दोन मिनिटांचा हिशेब वेगळा काढता येत नाही आणि तो निघतो असा दावा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पालकांना आपल्या मुलांसाठी शाळा निवडण्याचे खरे स्वातंत्र्य मिळावे म्हणून सार्वजनिक निधीचे न्याय्य वाटप व्हावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. हा युक्तिवाद मला पटतो, पण तो एकाच बाजूने लावता येणार नाही. निवडीचे स्वातंत्र्य कॅथलिक पालकाला असेल, तर त्याच शाळेत शिकणाऱ्या अन्य धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या मुलालाही प्रार्थनेतून बाजूला राहण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे. भारताच्या संविधानाने ही गोष्ट अगदी थोडक्यात आणि चोख सांगितली आहे: अनुच्छेद 30 अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतो, तर अनुच्छेद 28 मधील तिसरा खंड सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. दोन्ही हक्क एकाच वेळी पाळणे कठीण नाही. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, सुरू असताना काही मुले ग्रंथालयात बसत आणि त्याबद्दल कोणी त्यांना टोकले, तर टोकणाऱ्याला मुख्याध्यापकांकडे जावे लागे.

सामुदायिक जीवन म्हणजे नेमके काय, हे मात्र कायद्याच्या भाषेत सांगता येत नाही. वार्षिक शिबिराचे पैसे आमच्या शाळेत बंद पाकिटातून जमा करायचे असत. प्रत्येक मुलाने पाकीट द्यायचे, वर्गशिक्षकाने नावांवर खूण करायची आणि सगळी पाकिटे न उघडता कार्यालयात पोहोचवायची. काही पाकिटे रिकामी असत. ती कोणाची, हे मुख्याध्यापक आणि हिशेबनीस यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नसे. मला माझ्या स्वतःच्या वर्गाचेही कधी कळले नाही. ही पद्धत कोणी सुरू केली याची नोंद कुठेही नव्हती, पण नव्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी ती समजावून सांगितली जाई. मुलांच्या शाळेत तिचे महत्त्व अधिक आहे, असे मला वाटते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उपाशी राहील, शिबिराला जायचेच नाही म्हणून वाद घालेल, पण घरी पैसे नाहीत हे वर्गमित्रांसमोर उघड होऊ देणार नाही.

दुसरे उदाहरण एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या निधनाचे आहे. अंत्यविधीच्या दिवशी त्याचा सगळा वर्ग गणवेशात चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन रांगांत उभा होता. वरच्या वर्गातील दोन मुले धाकट्यांच्या टाय नीट करत रांगेतून फिरत होती. रांगेत हिंदू, मुसलमान आणि कशावरच विश्वास नसलेली मुले होती. हे करा, असे सांगणारे परिपत्रक निघाले नव्हते. वर्गप्रमुखाने आदल्या दिवशी निरोप फिरवला होता, एवढेच. यासाठी कोणत्याही अनुदानात तरतूद नसते. पण त्या रांगेतील कित्येक मुलांच्या घरी पूर्ण फी परवडली नसती आणि सरकारी पगार नसते, तर ती मुले त्या रांगेत नसती.

सरकारी पैशाबरोबर तपासणी येते, आणि आतल्या लोकांना तिचा जाच वाटतो. मी तिच्या बाजूने आहे. आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालवलेल्या निवासी संस्थांतील मुलांच्या छळाबद्दलचा चौकशी आयोगाचा अहवाल 2009 साली प्रसिद्ध झाला. त्या संस्थांना सरकार दर मुलामागे पैसे देत होते. पण शिक्षण खाते धर्मसंघांपुढे इतके दबून वागत होते की तपासणी नावापुरती उरली होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने 2013 ते 2017 या काळात जे ऐकले, त्यातही कॅथलिक संस्थांतील गुन्हे आणि ते झाकण्याची वृत्ती पुन्हा पुन्हा समोर आली. ज्यांना जुन्या शाळेचे घरपण आठवते, त्यांनी हेही आठवावे की काही मुलांसाठी त्या घराची दारे आतून बंद होती. पैसा देणाऱ्याने डोळे उघडे ठेवून यावे, कागद मागावेत, मुलांशी एकांतात बोलावे आणि तक्रार कुठे करायची ते प्रत्येक मुलाला ठाऊक आहे की नाही, हे पाहावे. यामुळे शाळेचे कॅथलिकपण कमी होते, असे ज्याला वाटते त्याच्याशी माझे जमत नाही.

खरे नुकसान होते ते वेगळ्याच ठिकाणी. अनुदान पटसंख्येवर ठरत असल्यामुळे शेजारच्या शाळांशी मुलांसाठी चढाओढ सुरू होते. मग समितीच्या बैठकीत नव्या क्रीडासंकुलाचे आराखडे येतात, त्यासाठी कर्ज काढले जाते आणि ते फेडण्यासाठी ‘ऐच्छिक’ देणगीचा आकडा वाढवला जातो. देणगी कागदावर ऐच्छिक असली तरी तिची आठवण करून देणारी पत्रे मात्र नियमाने जातात. सरकारी पैशाने जे दार उघडलेले असते, ते अशा पत्रांनी हळूहळू पुन्हा लोटले जाते. मी समितीवर असताना प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी एकच मागणी करत आलो आणि आज कोणी विचारले तरी तीच करतो: कोणत्याही नव्या बांधकामाला मंजुरी देण्यापूर्वी फीमाफीसाठी राखून ठेवलेली रक्कम आधी जाहीर करा, ती गेल्या वर्षीपेक्षा कमी नसेल याची हमी द्या, आणि मगच विटांचा विषय काढा.