थांबलेल्या चाकापासून : आमची वाटचाल

आज आम्ही कुंभारकामाची विजेची चाकं दुरुस्त करतो, पण आमचं दुकान मुळात मोटर वाइंडिंगचं, म्हणजे मोटारींत नव्याने तार भरण्याचं. 2009 साली पुण्याच्या नऱ्ह्यात दहा बाय बाराचा गाळा घेतला, तेव्हा कामं ठरलेली होती : बोअरवेलचे पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटारी. कुंभारकामाशी संबंध एवढाच, की दिवाळीच्या पणत्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून यायच्या.

2013 च्या पावसाळ्यात औंधला पॉटरी शिकवणाऱ्या एक ताई टेम्पोत घालून जुनं इलेक्ट्रिक चाक घेऊन आल्या. परदेशी बनावटीचं, वीसेक वर्षं वापरलेलं, सोबत आपली 230 व्होल्टची वीज 110 वर आणणारा जड ट्रान्सफॉर्मर. "दादा, पाय पेडलवर एकाच जागी असतो, तरी चाक मधेच थांबतं आणि मग एकदम पळतं. भांडं हातातच फाटतं," त्या म्हणाल्या. मी थेट मोटर उघडली. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, काळवंडलेलं दिसलं, ते नव्याने भरलं. अठरा दिवस गेले. चाक जोडलं, तर झटके तसेच.

दोष पेडलमध्ये होता. पायाने वेग बदलतो तो आतल्या पोटेंशियोमीटरमुळे. त्याच्या कार्बनच्या पट्टीवर एक काटा सरकतो. ताईंचा पाय वर्षानुवर्षं जिथे स्थिर राहायचा, नेमकी तिथली पट्टी झिजली होती आणि फटीतून मातीचं पाणीही शिरलं होतं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो भाग चाळीस रुपयांना मिळाला. मी ताईंना वाइंडिंगचे सगळे पैसे परत केले. त्यांचे अठरा दिवस मात्र परत देता आले नाहीत, आणि ते मला अजून लागतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे कुठलंही चाक आलं की मोटर उघडायची नाही, आधी तिला एकटी पाडायची. पट्टा काढायचा, कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला कमी-जास्त वीज देणाऱ्या सर्किटच्या, वायरी सोडवायच्या आणि दुचाकीच्या दोन बॅटऱ्या जोडून मोटरला 24 व्होल्ट द्यायचे. या चाकांच्या मोटारी बहुतेक कायमचुंबकाच्या डीसी असतात, इतक्या कमी दाबावरही सावकाश फिरतात. एकसारखी फिरली, तर दोष कंट्रोलरमध्ये, पेडलमध्ये किंवा पट्ट्यात. अडखळली, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे छोटे ठोकळे, बघायचे. कार्बन झिजून आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि ठिणग्या उडतात. नेमका मापाचा कार्बन मिळाला नाही, तर मोठा आणून कानशीने घासून बसवतो. तो खाचेत सैल सरकला पाहिजे. कार्बन ज्यावर टेकतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, कम्युटेटरला, मात्र एमरी कागद लावू देत नाही. त्याची पूड वीजवाहक असू शकते आणि पट्ट्यांमधल्या फटींत अडकते. बारीक काचपेपर, मग फुंकर, मग अर्धा तास बिनभाराचं फिरवणं.

मोटर जोरात चालते पण गोळा दाबला की थाळी थांबते, अशी तक्रार असेल तर पट्ट्यावर, मोटरच्या पुलीवर आणि तिच्या दांड्यावर खडूची रेघ मारतो. थाळी दाबून धरल्यावर पट्ट्याची रेघ जागेवर राहिली आणि पुलीची फिरत राहिली, तर पट्टा घसरतोय. पुली आणि दांड्यावरच्या रेघा सरकल्या, तर पुलीला दांड्यावर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू सैल. वरच्या बेअरिंगची खरखर ऐकली की ते बदलताना पत्र्याच्या झाकणाचं घेत नाही, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घेतो. मातीचं पाणी पत्र्याच्या फटीतून आत जातं, आणि ते आत गेलं की वर्षभरात गंज धरतो.

कुंभारांना विजेची चाकं देणारी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018 साली आली, तसे विजेच्या चाकाबद्दल विचारणारे पारंपरिक कुंभारही आमच्याकडे येऊ लागले. त्यांतले एक मामा मी विसरणार नाही. सत्तरीचे, कुठूनसं जुनं चाक विकत घेतलेलं. म्हणाले, "बिघाड काय न्हाई बाळा, पन हे उलटं फिरतंय." आयुष्यभर त्यांनी काठीने चाक उजवीकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलेलं, हे डावीकडे फिरायचं. डीसी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा बदलते. थाळी आट्यांवर बसवलेली असेल तर उलट फिरताना सुटू शकते, म्हणून ती आधी तपासली. ती पिनांवर होती. पाच मिनिटांचं काम. मामांनी गाळ्यातच गोळा मागवला आणि लोटा काढला. त्यांचे हात त्या वेळी कसे चालले ते बघायला शेजारच्या गाळ्यातली मुलंही आली होती. मजुरी घ्यावीशी वाटली नाही.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यानंतर सहकारनगर भागातून बुडालेली दोन चाकं आली. चिखल धुतला, मोटारी सावकाश वाळवल्या, मेगर नावाच्या यंत्राने 500 व्होल्टवर इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर गळत नाही ना ते, तपासलं. एक मोटर वाचली. दुसरीचं रीडिंग एक मेगोहमच्या वर चढेना, ती आम्ही परत केली. ओल्या हातांनी वापरायच्या वस्तूत जोखीम घ्यायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. म्हणूनच पहिल्या भेटीत आम्ही चाकाआधी घराचं अर्थिंग बघतो. वाड्यातल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या पिनेची वायर पुष्कळदा कुठेच पोचलेली नसते. तिथे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय चाक सुरू करून देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

बावधनच्या एका स्टुडिओचं चाक फक्त गुरुवारी मंदावायचं. तीन खेपा झाल्या, दोष सापडेना. चौथ्यांदा मी गुरुवारीच गेलो. त्या दिवशी त्यांची इलेक्ट्रिक भट्टी बिस्किट फायरिंगला, म्हणजे भांड्यांच्या पहिल्या भाजणीला, लागायची, आणि चाक त्याच वायरीवर. भट्टी सुरू झाली की मीटरवर विजेचा दाब 185 व्होल्टपर्यंत उतरायचा. चाकाला वेगळी लाइन ओढून दिली.

आता गाळे दोन झालेत, माणसं चार. पंपांचं काम अजून घेतोच, घर त्याच्यावर चालतं. औंधच्या ताईंचं ते चाक याच आठवड्यात परत आलंय, या वेळी पट्ट्याची तक्रार घेऊन. पेडलमध्ये 2013 चाच पोटेंशियोमीटर आहे. वायरी सोडवून बॅटऱ्या लावल्यात, मोटर छान फिरतेय.