आलापल्लीच्या सागाची पानं तोडताना

सप्टेंबरअखेर गडचिरोलीतल्या आलापल्लीजवळच्या एका सागाच्या रोपवनात दोन दिवस काढले. तिथली काही झाडं पिवळी पडली होती. त्यांना नेमकं काय कमी पडतंय, ते पानांवरून शोधायचं होतं. द्राक्षवाल्यांना देठ परीक्षण, म्हणजे पानाचा देठ प्रयोगशाळेत तपासून वेलीला काय कमी पडतंय ते पाहणं, माहीत असतंच, पण इथे पान पंधरा मीटर उंचावर!

हा माझा दुसरा प्रयत्न. पहिल्यांदा डिसेंबरात गेलो आणि हाताला येतील ती पानं तोडून आणली. अहवालानुसार सगळं रोपवनच उपाशी निघालं. खरं तर पानगळीआधी झाड पानातली नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्यं बरीचशी आत ओढून घेतं. कॅल्शियम मात्र पानातच राहतं. चूक माझीच.

यंदा वेळ बरोबर साधली, तर अळी आडवी आली. पावसाळा सरताना सागावर पानं कुरतडणारी अळी पडते, पानाची नुसती जाळी उरते. धड पानं शोधण्यात अर्धी सकाळ गेली. सोबतचा वनमजूर म्हणाला, "सर, खाली एवढी पानं पडून आहेत, तीच घ्या ना!" त्याला डिसेंबरची गोष्ट सांगितली. हसला आणि आकडी घेऊन झाडावर चढला.

पान शेंड्याकडच्या, उन्हातल्या फांदीचं हवं. पूर्ण वाढलेलं, पण निबर नको. चुरगाळल्यावर हात लालभडक होतो तेवढं कोवळंही नको. खालच्या सावलीतल्या पानांचा मोह टाळा, रस्त्याकडेची झाडंही सोडा. पानावरच्या धुळीने लोहाचा आकडा फुगतो.

नुसती आजारी झाडं तपासून काही कळत नाही. त्याच वयाची, त्याच रोपवनातली दहा हिरवी आणि दहा पिवळी झाडं निवडा आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी ठेवा. पिशवी कागदी हवी. प्लॅस्टिकमध्ये पानं घामेजून बुरसतात. सागाचं पान हातभर लांब, तेव्हा मोठ्या पिशव्या न्या. वाळल्यावर पानांचं वजनही टिपून ठेवा. उपाशी झाडाचं पान कधी कधी आकारानेच लहान राहतं, मग टक्केवारी ठीक दिसते आणि आपण फसतो. वाळवण ६५ ते ७० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत.

पिवळेपणा कुठे आहे तेही झाडाखाली उभं राहूनच लिहा. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र किंवा मॅग्नेशियमचा संशय घ्या, नवी पडत असतील तर लोहाचा.

यंदाच्या अहवालात पिवळ्या झाडांत नत्र खरंच कमी निघालं. पण ती सगळी झाडं सखल भागात होती, बुटांत पाणी शिरेल अशी. सागाला साचलेलं पाणी मानवत नाही. मुळं गुदमरली की जमिनीत नत्र असूनही ते वर चढत नाही. म्हणून मी युरियाऐवजी चर काढा असं सुचवलंय.

जाणाऱ्यांसाठी: बल्लारशापर्यंत रेल्वे, पुढे आष्टीमार्गे एसटी. उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी निघायच्या आधीच हातात असू द्या. या भागात मलेरिया आहे, मच्छरदाणी न्या. आणि परतताना पिशव्या एसटीच्या टपावर टाकू नका, मांडीवर घ्या. कंडक्टरने दोनदा विचारलं, "काय बिड्या वळायच्या आहेत का?"