गंजक्या खिळ्याची गोष्ट

ब्लोमस्ट्रँड बेटावर दगडफुलाचे नमुने गोळा करताना पायाशी एक गंजका खिळा दिसला आणि मी तो सहज उचलला, एवढाच माझा अपराध. खांद्याला बंदूक अडकवून ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवणारा आमचा नॉर्वेजियन सोबती आवाज न चढवता म्हणाला, "तो जिथे होता तिथे, आणि जसा पडला होता तसाच ठेवा." चाळिशी ओलांडल्यावर एका खिळ्यावरून असे ऐकून घ्यावे लागेल, हे ध्यानीमनी नव्हते.

स्वालबार्डमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या या नॉर्वेच्या द्वीपसमूहात, 1946 पूर्वीची माणसाने मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू आपोआप संरक्षित ठरते. अवशेष वास्तूचे असतील तर त्यांच्याभोवतीचा शंभर मीटरांचा पट्टाही. या बेटावर 1911 च्या सुमारास एका इंग्रज कंपनीने संगमरवराची खाण काढली, यंत्रे आणली, घरे बांधली. पण थंडीच्या माऱ्याने आधीच तडकलेल्या त्या दगडातले बर्फ वितळू लागताच त्याचा भुगा होऊ लागला आणि सारा खटाटोप बुडाला. त्या बुडीत धंद्याच्या भंगाराला आज कायद्याचे असे कवच आहे, जे आपल्याकडे एखाद्या देवळालाही सहसा लाभत नाही.

हा 2001 चा पर्यावरण कायदा राबवते सिसेलमेस्टरचे कार्यालय, म्हणजे इथले राज्यपाल आणि पोलीसप्रमुख एकाच खुर्चीत. दगडफूल आपण गोडा मसाल्यात मूठभर टाकतो. इथे ते संशोधनासाठी खरवडायचे तर प्रकल्पाची नोंदणी करून कोणते, कुठून, किती आणि कशासाठी, हे आधी लिहून द्यावे लागते. नी-ओलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत, जिथे आपले 'हिमाद्री' केंद्र 2008 पासून आहे, वायफाय आणि ब्लूटूथही बंद ठेवावे लागते, कारण आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या तिथल्या अँटेनांना व्यत्यय नको. याची सवय आठवड्यात झाली. खिळ्याची मात्र झाली नाही.

त्या रात्री, म्हणजे सूर्य न मावळणाऱ्या त्या रात्री, मला आपले गडच आठवत राहिले. आपले बारा किल्ले 2025 च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा मीही इथून अभिमानाने सर्वांना संदेश पाठवले होते. आणि त्यांपैकीच एका गडाच्या बुरुजावर, महाविद्यालयात असताना, माझ्या मित्राने खडूने नव्हे तर टोकदार दगडाने नाव कोरले, तेव्हा मी शेजारी उभा राहून हसत होतो. पण हेही म्हटले पाहिजे की, साऱ्या द्वीपसमूहात तीन हजारांहून कमी माणसे राहत असताना खिळ्यांची राखण करणे सोपे असते. ज्या गडावर एका रविवारी याहून अधिक माणसे चढतात, तिथे हाच नियम लावून दाखवावा. शिवाय ज्या देशाने स्वालबार्डमधली आपली शेवटची कोळसा खाण 2025 च्या जूनमध्ये, इतक्या उशिरा बंद केली आणि जो आजही समुद्रातून तेल व वायू उपसून विकतो, त्याने दगडफुलाच्या ग्रॅमचा हिशोब मागावा, याची मला थोडी गंमत वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्या सोबत्याला, त्याने विचारले नसतानाही, सांगितले की स्वालबार्डवर नॉर्वेचा अधिकार मान्य करणाऱ्या 1920 च्या स्वालबार्ड करारावर हिंदुस्थानच्या वतीनेही सही झाली होती. संशोधनाच्या अटी ठरवणारा वेगळा करार करण्याचे त्यात लिहिले होते, तो आजतागायत झालेला नाही. आणि आपल्या संसदेनेही 2022 मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा करून परवान्याशिवाय मोहिमेला, तिथे निर्जंतुक न केलेली माती नेण्यालाही बंदी घातली आहे. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग तुम्हाला खिळ्याचे कारण समजलेच असेल." ते समजले होते, म्हणूनच बहुधा मी इतका बोललो.

पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज आता भरून झाला आहे. नमुन्यांच्या ठिकाणांतून ब्लोमस्ट्रँड मी वगळले आहे. आमच्या कामाला ती जागा तशीही फारशी आवश्यक नव्हती.