डझनभर माणसांचं कोरिप्पो

स्वित्झर्लंडला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी युंगफ्राऊ आणि तितलिस पाहून परततात. गोटहार्डचा बोगदा ओलांडून दक्षिणेच्या तिचिनोत, म्हणजे इटालियन बोलणाऱ्या कँटनमध्ये (स्विस प्रांतात) उतरणारे फार थोडे. मी तिथे गेलो तो कोरिप्पो या एका गावासाठी. 2020 पर्यंत लोकसंख्येने देशातली सर्वांत लहान कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा स्थानिक कारभाराचा घटक, हीच होती. स्वित्झर्लंडमध्ये कम्यूनला मोठा मान आहे. ती स्वतःचा कर ठरवते, नागरिकत्व देण्याची सुरुवात तिच्यापासून होते, आणि स्विस पासपोर्टवर जन्मगावाऐवजी आपलं मूळ कम्यून लिहिलेलं असतं. कोरिप्पोत हा सगळा कारभार जेमतेम डझनभर माणसांच्या गावात चालत होता, आणि त्यातले बहुतेक म्हातारे.

लोकार्नोहून सोनोन्योला जाणारी पिवळी पोस्टबस व्हेर्झास्काच्या खोऱ्यात शिरते. सुरुवातीलाच 220 मीटर उंचीची धरणाची भिंत लागते, मागे व्होगोर्नोचा तलाव. कोरिप्पोच्या फाट्यावर उतरून वर चढता येतं, पण मी पुढे लावेर्तेत्सोपर्यंत गेलो. तिथल्या दोन कमानींच्या दगडी पुलावर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. पूल ओलांडून पलीकडच्या काठाने नदीच्या प्रवाहाबरोबर खाली चालू लागलो आणि थोड्याच वेळात गर्दी मागे पडली. वाट चेस्टनटच्या झाडांखालून जाते. खाली गुळगुळीत ग्रॅनाइटमधून हिरवं पाणी धावत असतं.

तासाभराने समोरच्या उतारावर गाव दिसलं. उंची फार नाही, 560 मीटरच्या आसपास, पण उतार इतका तीव्र की एका घराचं छप्पर वरच्या घराच्या उंबऱ्याला लागतं. भिंती ग्रॅनाइटच्या, छपरंही दगडी फरशांचीच. मधोमध मेरीचं चर्च. गावात गाडीरस्ता शिरत नाही, सगळ्या पायऱ्या आणि बोळ. नवं बांधकाम शोधूनही सापडत नाही. आज आपण ज्याला सौंदर्य म्हणतो ते इथे टिकलं त्याचं एक कारण साधं आहे: लोक निघून गेले, आणि नवं बांधायला कुणी उरलंच नाही.

ते का गेले, हे मला गावात फिरताना नीट कळलं. सपाट जमीन नावालाही नाही. दगडी बांध घालून चिंचोळ्या पायऱ्या केल्या, त्यावर राय नावाचं धान्य, बटाटे, अंबाडीसारखा धागा देणारा हेम्प. चेस्टनट हे तर गरिबाचं धान्यच. छोट्या दगडी खोपटांत धुरावर ते वाळवायचे, मग दळून पीठ करायचं. गवत कड्याच्या टोकावरूनही कापून आणायचं आणि ते बायकांनी गेर्ला नावाच्या पाठीवरच्या टोपलीतून वाहायचं. उन्हाळ्यात जनावरं वरच्या कुरणांवर, हिवाळ्यात अख्खं बिऱ्हाड खाली मागादिनोच्या मैदानात, द्राक्षमळ्यांजवळ. एकाच कुटुंबाचा संसार असा तीन उंचींवर. या खोऱ्यातली लहान पोरं हिवाळ्यात इटलीतल्या शहरांत धुराड्यांची काजळी काढायला जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तरुण कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाला गेले. 1888 पासून तिचिनो नदीला बांध घालायला सुरुवात झाली, मैदानातली दलदल हळूहळू हटली, आणि हिवाळ्यापुरतं खाली जाणं कायमचं होऊ लागलं. 1850 मध्ये गावात तीनशेच्या आसपास माणसं होती. 2000 साली 22.

बंद दारांवरून चालताना मला कोकण आठवत राहिलं. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलूप लागलेली घरं. इथलीही बरीच घरं सुट्टीत उघडतात.

18 ऑक्टोबर 2020 रोजी कोरिप्पो, ब्रियोने, फ्रास्को, सोनोन्यो, व्होगोर्नो आणि शेजारच्या दोन कम्यूनचा खोऱ्यातला भाग मिळून व्हेर्झास्का नावाची नवी कम्यून झाली. देशभर हेच चाललंय. 1990 मध्ये तीन हजारांवर कम्यून होत्या, आता बावीसशेपेक्षाही कमी. यात मला अन्याय दिसत नाही. निवडणुकीला उभं राहायलाच माणसं नसतील तर पंचायत कुणाच्या जिवावर चालवायची? पण शेकडो वर्षं आपलं रान, आपलं पाणी, आपले वाद स्वतः सोडवणाऱ्या गावाचा निर्णय आता खोऱ्याच्या सभेत होणार, याचं दुःख मला खरं वाटतं.

घरं वाचवायची धडपड मात्र जुनी आहे. 1975 च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात कोरिप्पोला आदर्श ठरवून त्याच्यासाठी एक प्रतिष्ठान उभं राहिलं. त्याच प्रयत्नांतून 2022 मध्ये इथे विखुरलेलं हॉटेल सुरू झालं. इटलीतून आलेली ही कल्पना मला फार आवडली. एक मोठी इमारत बांधायची नाही, गावातल्याच रिकाम्या घरांत खोल्या करायच्या, आणि गावची खाणावळ हेच स्वागतकक्ष. पाहुणा झोपायला बोळातून चालत जातो, शेजारी गावकऱ्याचं दार असतं. मी तिथल्या अंगणात बसून पोलेंटा (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) आणि चीज खाल्लं; समोर सगळं खोरं पसरलेलं.

तरी माझं मन घरांपेक्षा खाली ओढ्यावरच्या दुरुस्त केलेल्या पाणचक्कीत आणि साफ केलेल्या शेतपायऱ्यांत जास्त रमलं. नुसती छपरं सांभाळली तर कोरिप्पो छायाचित्रापुरतं उरेल. या गावाला आकार दिला तो राय आणि चेस्टनटने. बांध ढासळले, कुरणांवर झुडपं माजली, की उताराची माती धरणार कोण? वारशाचा पैसा शेळ्या राखणाऱ्यापर्यंत आणि गवत कापणाऱ्यापर्यंतही पोचला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

जाणार असाल तर गाडी शक्यतो नेऊ नका, वर उभी करायला जागा फार थोडी आहे. ऑक्टोबरमध्ये जा: चेस्टनट पडलेले असतात आणि पुलावरची गर्दी ओसरलेली. बुटांचा तळवा मात्र चांगला हवा, ओल्या ग्रॅनाइटवर पाय सटकतो. चर्चपाशी फोटो काढून परत फिरू नका, चक्कीपर्यंत उतरा.