साठ ठोक्यांवर येणारा घोडा

ऑबर्नला राहायला येऊन मला सहा वर्षे झाली आणि त्यांतली चार वर्षे माझे बहुतेक शनिवार एका करड्या अरबी घोड्याच्या सरबराईत गेले आहेत. हा घोडा शेजारच्या बाईंचा. बाईंचे वय सत्तरीकडे झुकलेले असूनही त्या लांब पल्ल्याच्या घोडदौडीत उतरतात आणि मी त्यांचा मदतनीस, म्हणजे जुन्या शब्दांत बिनपगारी मोतद्दार आहे. मी मूळचा बारामतीकडचा, म्हणजे भीमथडी तट्टांच्या मुलखातला, पण घोड्याशी माझा संबंध वरातीपलीकडे कधी आला नव्हता. खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासायचे साधन, हा शब्द मी मराठीत वाचला होता. तो प्रत्यक्ष हातात धरला तो कॅलिफोर्नियात.

सिएरा नेवाडाच्या पायथ्याचे हे गाव घोड्यांच्या या खेळासाठी प्रसिद्ध आहे. वेंडेल रॉबी नावाच्या इथल्या व्यावसायिकाने १९५५ च्या ऑगस्टमध्ये चार साथीदारांसह टाहो सरोवराच्या बाजूने निघून, पर्वत ओलांडून एका दिवसात ऑबर्न गाठले आणि त्यातून टेव्हिस कप ही १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची दौड सुरू झाली. पहाटे सव्वापाचला सुटायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या सव्वापाचच्या आत पोहोचायचे, एवढीच मुदत असते. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच घोडे शेवटपर्यंत पोहोचतात. बाकीच्यांना वाटेतले पशुवैद्य थांबवतात आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो.

घोडा थांबवायचा की पुढे सोडायचा, याचा पहिला निकष म्हणजे नाडी. तबेल्यात निवांत उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला तीस ते चाळीस ठोके पडतात. तपासणीच्या ठिकाणी आल्यावर ते ठरलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा साठ किंवा चौसष्टपर्यंत, अर्ध्या तासात उतरलेच पाहिजेत. त्यातली मेख अशी की सक्तीच्या विश्रांतीचा वेळ घोडा पोहोचल्यापासून नव्हे, तर नाडी उतरल्यापासून मोजला जातो. म्हणजे दमलेला नसूनही नुसता बिथरलेला घोडा दहा-पंधरा मिनिटे हकनाक गमावतो, आणि ठोके खाली आलेच नाहीत तर तिथेच बाद होतो. गुंगीची किंवा मन शांत करणारी औषधे देणे नियमाने वर्ज्य आहे. त्यामुळे घोड्याचे मन शांत ठेवणे हा इथे प्रेमाचा किंवा हौसेचा नव्हे, तर सरळ हिशेबाचा भाग आहे.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर आपण लहानपणी पाठ केले आहे. बाईंचे वेळापत्रक त्याच उत्तरावर उभे आहे. आठवड्यातून तीन-चार रपेटी, त्यातली एक लांब आणि संथ, आणि अंतर किंवा वेग यांपैकी एका वेळी एकच वाढवायचे. हृदय आणि स्नायू काही महिन्यांत तयार होतात, परंतु स्नायुबंध आणि हाडे यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. फसगत नेमकी इथेच होते, कारण घोड्याला दम लागत नाही म्हणून मालक जोर वाढवतो आणि पाय मात्र अजून कच्चेच असतात. टेव्हिसमध्ये सहा वर्षांखालील घोड्याला प्रवेश नाही, तो याच कारणाने.

मनाची तयारी मात्र मला अधिक रंजक वाटते, कारण ती बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ रिकामटेकडेपणा वाटेल. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. फडफडणारी ताडपत्री, बादलीचा आवाज, मागून येणारी सायकल, यांपैकी कशालाही तो बुजतो. त्याला त्या वस्तूपर्यंत ओढून नेण्याचा प्रयत्न मी पहिल्या वर्षी केला आणि माझ्याच हातावर दोरीचा चटका घेतला. बाईंची पद्धत उलट आहे. त्या ताडपत्रीपासून इतक्या अंतरावर थांबतात की घोडा कान टवकारतो पण पाय हलवत नाही; तिथे उभ्या राहतात, त्याने मान सैल सोडली की त्याला वळवून दूर नेतात आणि मग पुन्हा एक पाऊल जवळ येतात. मोहरकीच्या, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या पट्ट्याच्या, दोरीवर खाली हलका ताण द्यायचा आणि मान बोटभर जरी झुकली तरी ताण तत्काळ सोडायचा, हा दुसरा धडा. हे शेकडो वेळा केल्यावर नुसत्या स्पर्शानेही घोडा डोके खाली घेतो. बाईंचा उद्देश घोड्याला शूर करण्याचा नाही. शर्यतीच्या दिवशी दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याला आधीच कंटाळवाणी झालेली असावी, एवढाच आहे.

घोडे एकमेकांना जिथे दातांनी खाजवतात, ती मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे असलेल्या उंचवट्याची जागा माणसाने खाजवली तरी हृदयाचे ठोके कमी होतात, असे फ्रान्समधील कामार्गच्या घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मला हे ठाऊक होते. तरीही गरज पडली तेव्हा मी ते विसरलो. ८० किलोमीटरच्या एका दौडीत आमचा घोडा एका घोडीच्या सोबतीने तपासणीला आला. तिची नाडी चटकन उतरली, ती पुढे दृष्टीआड गेली आणि हा मान उंच करून खिंकाळू लागला. ठोके बहात्तरवर अडले. मी एकीकडे मानेवर पाणी ओतत होतो, दुसरीकडे खूर उचलून पाहत होतो, तोंडाने सारखा त्याची समजूत काढत होतो आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. वीस मिनिटे गेल्यावर, डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून बसलेल्या स्वयंसेवक बाई शांतपणे म्हणाल्या की आता दोन मिनिटे तुम्ही काहीही करू नका. मी बादली खाली ठेवली, त्या उंचवट्यावर बोटे फिरवली आणि स्वतःचा श्वास संथ केला. पुढच्या मोजणीत अठ्ठावन्न आले. पुढे कित्येक दिवस मी दोष त्या घोडीलाच देत होतो, हेही कबूल करतो.

पाणी ओतणे चूक होते असे मात्र नाही. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतल्यास स्नायू आखडतात, ही जुनी समजूत १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सुमारास झालेल्या संशोधनाने खोटी ठरवली. मिठाचेही असेच आहे. घोड्याच्या घामात क्षार माणसाच्या घामापेक्षा पुष्कळ अधिक असतात. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण फारसे वाढत नाही आणि कोरडा पडत चाललेल्या घोड्याला तहानच जाणवत नाही. म्हणून सफरचंदाच्या गरात क्षार मिसळून ते मोठ्या पिचकारीने तोंडात द्यावे लागतात, पण तो पाणी पीत असेल तरच. चंदीपेक्षा, म्हणजे दाण्याच्या खुराकापेक्षा, ओला चारा आणि भिजवलेला बीटाचा चोथा बरा, कारण पशुवैद्य कान लावून आतड्यांचा आवाजही ऐकतात आणि त्याला श्रेणी देतात.

गेल्या उन्हाळ्यात टेव्हिसच्या वाटेवरील फॉरेस्टहिलच्या तपासणीला, म्हणजे ६८ मैलांवर, आम्ही संध्याकाळी त्याची वाट पाहत होतो. दऱ्यांमधला उकाडा सोसून तो आला, आठ मिनिटांत त्याची नाडी उतरली, आणि चोथ्याच्या टोपलीत तोंड घालून तो उभ्याउभ्या पेंगू लागला. खालचा ओठ लोंबत होता आणि मागचा एक पाय सैल सोडलेला होता. शेजारी कोणाची तरी ताडपत्री वाऱ्याने फाडफाड वाजत होती. त्याने एक कान तिकडे वळवला, पुन्हा जागेवर आणला आणि चोथा चघळत राहिला. तासाभराने बाईंनी त्याच्या छातीच्या पट्ट्याला अंधारात चमकणाऱ्या दोन कांड्या बांधल्या, रिकिबीत पाय ठेवला, आणि तो दुडक्या चालीने दरीच्या बाजूला निघून गेला. मी बादल्या गोळा करून गाडीत भरल्या.