वापरातली खोली: स्टुडंट शॉर्ट फिल्मच्या प्रॉडक्शन डिझाइनबद्दल

स्टुडंट फिल्मचं आर्ट हातात आलं की पहिली धाव पुण्याच्या जुन्या बाजाराकडे जाते. बुधवार किंवा रविवार गाठून कंदील, चावीचं घड्याळ, पितळी डबे, व्हॉल्व्हचा रेडिओ असं जमेल ते उचललं जातं आणि शूटिंगच्या दिवशी सगळं एकाच फळीवर येऊन बसतं. फ्रेम भरते, पण त्या खोलीत कुणी राहतं असं वाटत नाही. वस्तू जुन्या आहेत, त्यांना हात लागलेला नाही. प्रॉडक्शन डिझाइनचं, म्हणजे गोष्टीतली जागा आणि तिथल्या वस्तू उभ्या करण्याचं, बहुतेक काम मला या हात लागण्याचंच वाटतं, आणि त्याला पैसे फारसे पडत नाहीत.

उदाहरणासाठी एक खोली घेऊ. पुण्यातल्या पेठेतला वाडा, सप्टेंबर १९९३, आई आणि नोकरी शोधणारा मुलगा. चार सीन, दोन दिवसांचं शूटिंग.

सुरुवात स्क्रिप्टच्या ब्रेकडाउनने. प्रत्येक सीनसमोर गोष्टीतला दिवस आणि वेळ, मग तीन वेगळ्या याद्या: खोलीत नुसतं असणारं सामान, पात्रं हातात घेतात त्या वस्तू, आणि खाण्यापिण्याच्या किंवा फुटण्याच्या वस्तू. तिसऱ्या यादीत गणित हमखास चुकतं. चहाचा एक सीन, तीन अँगल, प्रत्येकी पाच टेक म्हणजे पंधरा कप. रिहर्सल आणि बिघाड धरून वीस. कपात ८० मिली धरला तरी १.६ लिटर चहा झाला. दुधाच्या चहावर काही मिनिटांत साय धरते आणि क्लोजअपमध्ये ती लगेच दिसते, म्हणून चहा थर्मासमध्ये ठेवायचा आणि कपाच्या आतल्या बाजूला पेन्सिलची बारीक खूण करून प्रत्येक टेकआधी तिथपर्यंत ओतायचा. कप फुटणार असेल तर तसेच सहा कप एकाच वेळी, एकाच खोक्यातून घ्यावेत. आठवड्याने गेलात तर तीच नक्षी मिळेलच असं नाही.

मग खोलीचं माप. लांबी, रुंदी, उंची, दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीतून ऊन किती वाजता येतं, प्लग कुठे आहेत. ग्राफ पेपरवर ४ सेंटिमीटरला १ मीटर या प्रमाणात नकाशा काढून तो कॅमेरामनसोबत बसून बघायचा. त्याला एकच विचारायचं: लेन्स कुठली? २४ मिमी रुंदीच्या सेन्सरवर ३५ मिमीची लेन्स ३ मीटरवरून भिंतीचा जेमतेम २ मीटरचा तुकडा बघते, ५०ची दीड मीटरहूनही कमी. म्हणजे दहा फुटी भिंतीतली ३५नेही सहा-सात फूटच दिसणार. उरलेल्या भिंतीवर घालवलेली संध्याकाळ फुकट जाते. नकाशावर कॅमेऱ्याच्या जागेपासून दोन रेघा ओढल्या की कुठे जीव ओतायचा ते कळतं. त्याच नकाशावर कॉट भिंतीपासून चार फूट पुढे ओढता येते का तेही बघावं. नट भिंतीला चिकटून बसला की त्याची सावली मागे पडते आणि खोली चपटी दिसते.

जुन्या वाड्याच्या भिंती माती-विटांच्या. खिळा ठोकला की गिलाव्याचा पोपडाच निघून येतो, आणि चुन्याच्या भिंतीवरून टेप काढली की रंग सोबत येतो. तिथे असलेल्या खुंट्या आणि कोनाडेच वापरावेत. भिंत वेगळ्या रंगाची हवी असेल तर फ्लॅट, म्हणजे उभी करायची खोटी भिंत, करावा: आठ बाय चार फुटांची ६ मिमी प्लाय, मागे दोन बाय एक इंच पट्ट्यांची चौकट, टेकू, आणि टेकूवर वाळूची पोती. दोन फ्लॅटच्या सांध्यावर मांजरपाटाची पट्टी फेविकॉलने चिकटवून मग रंग द्यावा, नाहीतर साइडने लाइट पडला की सांध्याची उभी रेघ उठते. वर फिकट निळसर डिस्टेंपर, खाली तीन फुटांचा गडद ऑइलपेंटचा पट्टा.

आता एजिंग, म्हणजे नवा रंग वापरून जुना झाल्यासारखा दिसवणं. इथे घाई करू नये. एक लिटर पाणी, दोन चमचे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) स्टेनर, आणि भिंतीला दिलेल्याच रंगाचं अर्धी वाटी डिस्टेंपर. ब्रशने लावायचं आणि ओलं असतानाच फडक्याने वरून खाली पुसत यायचं. डिस्टेंपरऐवजी फेविकॉल घातला तर वाळल्यावर भिंत चमकते आणि लाइटचा डाग तिच्यावर दिसतो. सगळीकडे सारखा मळकटपणा फासला तर भिंत मळलेली दिसत नाही, मळकट रंगाने रंगवलेली दिसते. मळ नेमका कुठे बसतो? स्विचबोर्डच्या भोवती, त्यातही बटणांच्या खाली. दाराच्या चौकटीवर, उंबरा ओलांडताना हात टेकतो तिथे. स्टोव्ह असेल तर काजळी त्याच्या मागे कमी आणि वर जास्त, छताच्या दिशेने पसरत गेलेली. कॉटवर बसून डोकं टेकण्याच्या जागी तेलाचा डाग. त्यासाठी नटाला प्रत्यक्ष बसवून खडूने खूण करावी, अंदाजाने केलेला डाग हटकून वर तरी जातो नाहीतर खाली. खोबरेल तेल तळहाताला लावून तिथे दाबायचं, पण आदल्या दिवशी. डिस्टेंपरमध्ये तेल पसरत राहतं आणि त्याच सकाळी केलेला डाग पहिल्या शॉटमध्ये लहान, पाचव्यात मोठा दिसतो.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात बोलकी वाटते. भिंतीवरून काही उतरवलं असेल तर मागे स्वच्छ चौकोन राहतो. एजिंगचं पाणी मारण्याआधी हव्या त्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा अगदी थोड्या खळीने भिंतीला चिकटवायचा, नंतर काढून घ्यायचा, आणि वरच्या बाजूला खिळा तसाच ठेवायचा. घरातून काय गेलं ते संवादात सांगावं लागत नाही.

भांडी घरोघरून मागून आणली जातात. आणताना प्रत्येक भांड्याच्या काठाखाली बघावं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात. आई पातेलं चुलीवरून उतरवते, क्लोजअप आहे, आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत भलत्याच आडनावाचं कुटुंब, शेजारी तारीख २००४ची! पातेलं फिरवून ठेवता येतं, पण नट टेकमध्ये ते परत फिरवतो. त्यापेक्षा तुळशीबागेत साधं पातेलं घेऊन त्यावर पात्राचं नाव आणि लग्नाची तारीख घालून घ्यावी. खर्च थोडा, आणि नटीलाही ते पातेलं आपलं वाटतं.

कॅलेंडरचंही तसंच. १९९३चे वार २०२१शी जुळतात, म्हणून २०२१चं कॅलेंडर साल झाकून टांगण्याची युक्ती सुचते. पण १९९३ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२१ची १० तारखेला. मराठी प्रेक्षकाची नजर सप्टेंबरच्या पानावर आधी तिथेच जाते. पान नव्याने छापून घ्यावं, आणि त्यावर दूधवाल्याचे खाडे, गॅसच्या नंबराची तारीख, कुणाचा तरी पत्ता लिहावा. एकाच पेनाने एका बैठकीत लिहू नये. महिनाभर वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसायला हवं.

काळाच्या बाकीच्या चुका पटकन तपासता येतात. रुपयाचं आजचं चिन्ह २०१०चं. पाकिटांवरचा शाकाहारी हिरवा ठिपका २००१नंतरचा. मुंबईचं इंग्रजी नाव १९९५ला बदललं, म्हणून इंग्रजी पत्त्यात बॉम्बे. महात्मा गांधी मालिकेच्या नोटा १९९६पासून. जुन्या नोटा संग्राहकांकडून आणाव्यात. नोटांची रंगीत झेरॉक्स काढू नये, तो गुन्हा आहे. मॉड्युलर स्विचवर लाकडी बोर्ड आणि जुनी काळी बटणं बसवावीत, नुसती, वायर न जोडता.

पांढरा सदरा, पांढरी चादर कॅमेऱ्यात जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग होते. पाच लिटर पाण्यात दहा चमचे चहापूड उकळून, गाळून, सुती कापड दहा मिनिटं बुडवावं. पॉलिएस्टर हा रंग नीट धरत नाही, त्यामुळे विकत घेतानाच कापड बघावं. फोटोफ्रेमच्या काचेत लाइट दिसत असेल तर फ्रेमच्या वरच्या कडेमागे कागदाची घडी घालून ती जरा पुढे झुकवायची. फ्रेममध्ये दिसणारा बल्ब ६० वॅटचा असेल तर तो नुसता पांढरा गोळा होतो, २५चा लावून बघावा. साउंडवाल्याला आधीच विचारावं: पंखा बंद असणारच, मग सप्टेंबरच्या दुपारी कॅलेंडरचं पान हलायला हवं का? हवं असेल तर बाहेरून पुठ्ठ्याने वारा घालणारा माणूस ठरवावा लागतो. स्टीलची ताटली ठेवायच्या जागी खाली फडकं असू द्यावं, नाहीतर संवादाचा शेवटचा शब्द जातो.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्येही तशीच दिसावी म्हणून, प्रत्येक सेटअपनंतर कॅमेऱ्याच्याच जागेवरून फोनने फोटो, फोटोत क्लॅप (सीन आणि टेकचा नंबर लिहिलेली पाटी) दिसेल असा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवायचा आणि काटे सीनप्रमाणे हाताने लावायचे. उदबत्त्या आधीच तीन लांबींच्या कापून ठेवाव्यात.

बजेटमधले पंधरा टक्के हात न लावता ठेवावेत. ते बहुतेक टेम्पोत आणि भोकं बुजवायच्या लांबीत जातात. पॅकअपनंतर भोकं लांबी भरून घासावीत, तोच रंग लावावा, आणि पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीचे काढलेले फोटो घरमालकांसमोर धरून एकेक भिंत त्यांना दाखवावी. मागून आणलेली भांडी वहीत ज्याच्या नावावर लिहिली त्याच्याच हातात द्यावीत, शेजाऱ्याकडे ठेवून येऊ नये. देण्याआधी काठाखालचं नाव एकदा वाचून घ्यावं. घासून पुसून ठेवलेली दोन पातेली अगदी सारखी दिसतात.